हात न लावता

सुलभाताई मुकादम कॉम्प्युटरच्या पडद्यावरची ओळ न ओळ मोठ्याने वाचायच्या. मानपाड्याच्या आमच्या रंगाच्या फॅक्टरीत सगळे त्यांना हसायचे. "हसा. मशीन काय म्हणतंय ते न ऐकता बटणं दाबणारे तुम्ही," त्या म्हणायच्या. मी नवीन लागलेले, तेव्हा त्यांनीच मला शेजारी बसवून सगळं शिकवलं. "अगं वाच ना, मिठाची गुळणी धरलीयेस का तोंडात?" हे मी दिवसातून दहा वेळा ऐकायचे.

मग भिसे नावाचे नवे मॅनेजर आले. या वयाच्या बाईने कॉम्प्युटर सांभाळणं त्यांना पटेना. त्यांनी लेखी ऑर्डरच काढली: सौ. मुकादम यांनी यापुढे कॉम्प्युटरला हात लावू नये, गेटवर रजिस्टर सांभाळावे. ताईंच्या रिटायरमेंटला दोन महिने राहिलेले. ती ऑर्डर टाईप कुणी केली? मी. नोकरी जाईल या भीतीने केली आणि ताईंना एका शब्दाने सांगितलं नाही. त्या गेटवर बसूनही माझ्याशी पूर्वीसारखंच अगं-तुगं करायच्या. आज कबूल करते, असं मी रोज ठरवायचे आणि रोज शेपूट घालायचे.

महिन्याभराने भिसेंनी स्वतः त्या मशीनवर नवी सिस्टिम टाकली. दुसऱ्या सकाळी पडदा काळा, वर इंग्रजीत दोन ओळी. रंगांची सगळी मापं आत अडकलेली आणि दुपारी मोठं गिऱ्हाईक यायचं होतं. बटणं बडवून दमल्यावर साहेब मुकाट गेटवर गेले.

ताई आल्या, पदर खोचला आणि हात पाठीमागे बांधले.

"तुमचीच ऑर्डर आहे साहेब, हात लावायचा नाही. तुम्ही बसा, मी सांगते. काय लिहिलंय?"

"ते... स्टार्ट होत नाहीये."

"तसं नाही लिहिलेलं. मोठ्याने वाचा, मागच्यांना ऐकू येत नाही."

मागे अख्खं डिपार्टमेंट जमलेलं. साहेबांनी घाम पुसत एकेक ओळ वाचली. मशीनमध्ये डिस्क दोन होत्या. नवी सिस्टिम एकीवर टाकलेली आणि मशीन सुरू व्हायला दुसरीकडे बघत होतं. सेटिंगमध्ये जाऊन क्रम बदलायचा, एवढंच. पण आत जायचं बटण साहेब पाच वेळा चुकले आणि पाचही वेळा ताईंनी त्यांना मशीन बंद करून पहिल्यापासून वाचायला लावलं. दोन मिनिटांच्या कामाला तास लावला. मला विचाराल तर दोन लावायला हवे होते.

मशीन सुरू झालं. "वाचत जा," एवढंच म्हणून ताई गेटकडे निघाल्या. मी मागे धावले. मला हसू आवरत नव्हतं.

"ताई, कशी जिरवलीत हो त्याची!"

त्या थांबल्या. "टाईप छान केली होतीत तुम्ही ऑर्डर, मॅडम. खाली टाईप करणारीची म्हणून तुमच्या नावाची अक्षरंही होती. मी सगळं वाचते."

मी तिथेच रडले, माफी मागितली, नोकरीची भीती होती म्हणाले. "बरोबर आहे तुमचं. मी महिनाभर वाट बघितली," त्या म्हणाल्या आणि रजिस्टर उघडलं.

साहेबांचं तासाभरात भागलं. मला मात्र त्या जाईपर्यंत अहो-जाहो आणि मॅडम. निरोपाच्या दिवशी मी पाया पडायला वाकले, तर त्या दोन पावलं मागे सरल्या.

"असू द्या मॅडम. तुम्ही ऑफिसातल्या, मी गेटवरची."