झाकलेला माल

ये गं मीनल, जवळ ये. अशी दारात चप्पल घालून काय ऐकतेस? परवा लग्नात मला विचारलंस, "मावशी, कंपनीत तू नेमकं करायचीस काय?" आणि मी तोंड उघडेपर्यंत आइस्क्रीमकडे पळालीस. ही काय रीत झाली? आता पूर्ण ऐकायचं.

तर एके दिवशी गिरीश फोन ठेवून लॅबमध्ये आला तो पडलेल्या चेहऱ्याने. "मॅडम, दुसरा लॉटपण फेल. आता तिसरा फेल गेला तर ऑर्डर बंद."

गिरीश म्हणजे आमच्या मालकांचा मुलगा, केमिकल इंजिनिअर. आणि मालक म्हणजे आप्पा. मूळचे सटाण्याचे, कांद्याचे व्यापारी. कांद्यात कमावून त्यांनी अंबडच्या एमआयडीसीत ही छोटी कंपनी काढली होती. मी लॅबची इनचार्ज. शिक्षण बारावी सायन्स. पुढची केमिस्ट्री मी गिरीशच्या कॉलेजच्या पुस्तकांतून डिक्शनरी घेऊन शिकले, आणि हात भाजून शिकले. माझ्या हाताखाली चार मुली होत्या, सगळ्या मीच तयार केलेल्या. ऑर्डर गेली असती तर लॅब बंद होऊन तिथे गोडाऊन होणार, हे आप्पांनी सांगूनच ठेवलं होतं.

आम्ही बनवायचो लिंकर. घाबरू नकोस, सोपं आहे. कॅन्सरवर एक नवीन तऱ्हेचं औषध तेव्हा येऊ घातलं होतं. अँटिबॉडी म्हणजे पत्ता शोधणारा पोस्टमन. तो रक्तातून फिरत बरोबर कॅन्सरच्या पेशीच्या दारात जातो. त्याच्या पाठीला जहाल विष बांधायचं. ज्याने बांधायचं तो लिंकर. आता द्राक्षाचा घड आठव. मणी वाटेतच गळले तर व्यापारी डोक्याला हात लावतो, आणि खाताना सुटलेच नाहीत तर खाणारा वैतागतो. लिंकरचं तसंच. रक्तात सुटला तर विष अंगभर. पेशीत सुटला नाही तर सगळी मेहनत फुकट.

या लिंकरच्या एका टोकाला आकडा असतो, त्याला मॅलेइमाइड म्हणतात. तो आकडा अँटिबॉडीत अडकतो. पण हा आकडा मोठा नाजूक. ओल लागली की उघडतो, आणि उघडला की काही धरत नाही. म्हणून पावडर कोरडीठाक, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, डीप फ्रीजरमध्ये ठेवायची.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे अमेरिकेतली एक औषध कंपनी. सुरुवातीला पाठवलेलं सॅम्पल तिकडे झकास पास झालं होतं. मग ऑर्डरचे दोन लॉट गेले आणि दोन्ही फेल. कारण एकच, आकडे उघडलेले. आणि गंमत बघ, प्रत्येक लॉटमधली थोडी पावडर आम्ही आमच्याकडे ठेवायचो, ती उत्तम! तोच लॉट, तोच दिवस, तसलीच बाटली.

"कस्टमवाले बॉक्स उन्हात ठेवत असतील," गिरीश म्हणाला.

"सॅम्पलचा बॉक्स काय सावलीत ठेवला होता?" मी म्हटलं.

आम्ही बर्फ वाढवला, थर्माकोल जाड घेतला. त्यांची टेस्टच चुकत असेल असंही एकदा कळवून पाहिलं. तिथल्या लॅबच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं, "सॅम्पल याच टेस्टला पास झालं होतं."

तिसरा लॉट निघाला तो श्रावणात. भिंतीसुद्धा दमट झाल्या होत्या. आता आप्पांचा नेम असा, की ऑर्डरचा माल पूजेशिवाय गेटबाहेर जायचा नाही. ऑफिसात टेबलावर माल मांडायचा, हळदकुंकू, नारळ, आरती. आधीच्या दोन्ही वेळी मी मागे बॉक्समध्ये बर्फ भरत होते. या वेळी बर्फवाला उशिरा आला, म्हणून मीच फ्रीजरमधून बाटली काढून ऑफिसात नेली.

आप्पांनी बाटलीवर कुंकवाचं बोट टेकवलं. बघता बघता ते कुंकू ओघळून खाली आलं. बाटलीला दरदरून घाम फुटला होता. आरती सुरू झाली आणि आप्पांनी सरळ झाकणाला हात घातला.

"आप्पा, थांबा! उघडू नका!"

आरती थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"ताई, काय झालं?" आप्पा म्हणाले. "मार्केटला गोणी उघडून दाखवल्याशिवाय गाडी भरत नाही आपण. झाकेल माल कोन लेस?"

झाकलेला माल कोण घेतं! तीस वर्षं कांदा विकलेला माणूस. देवाला आणि चार माणसांना माल उघडून दाखवायचा, मगच झाकण लावायचं. गेल्या दोन्ही वेळी हेच झालं होतं. सॅम्पलची मात्र पूजाच नव्हती, कारण ते फुकट दिलेलं!

"आप्पा, बाहेर घाम आला ना, तसाच आत पावडरलाही येतो. थंड बाटली उघडली की हवेतलं पाणी आत जाऊन बसतं. मग झाकण लावा, आठ दिवस प्रवास करा, आकडे राहतील का?"

"हे तू म्हणतेस. मला दाखव."

बरोबरच होतं त्यांचं. बॉक्स थांबवला. गिरीशने स्वतः दोन छोट्या बाटल्या भरल्या, त्याच लॉटच्या. दोन्ही गार केल्या. एक आप्पांनी टेबलावर उघडली, आरती होईपर्यंत उघडीच. दुसरी बंदच ठेवून आधी खोलीच्या हवेला येऊ दिली आणि मग कोरडी हवा भरलेल्या बंद पेटीत उघडली. दोन्हींना झाकणं लावून थर्माकोलमध्ये ठेवलं. बर्फ वाटेत वितळतो तसा वितळू दिला.

आठवड्याने एचपीएलसीवर लावल्या. हे मशीन कागदावर डोंगरासारखी रेघ काढतं. चांगला माल जितका जास्त, तितका डोंगर उंच. आप्पा चष्मा लावून बघत होते.

"हा बुटका कोणता?"

"तुमचा," गिरीश म्हणाला.

आप्पा खो खो हसले. "माझ्या आरतीने बुटका झाला का रे!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुझा नेम सांग."

नेम ठरला. पूजा बॉक्सची, चिकटपट्टी लावून झाल्यावर. थर्माकोलवर मोठं कुंकू, नारळ बाहेर. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा झाकलेला माल गाडीत चढवला आणि गाडी वळेपर्यंत गेटवर उभे राहिले.

पुढचे पंधरा दिवस मला जेवण गोड लागलं नाही. मग फोन आला. डॉक्टरबाईंनी या वेळी मलाच फोनवर बोलावलं. माझं इंग्रजी असं तसं, पण "पास" हा शब्द कुणालाही कळतो. मी रिसीव्हर हातात धरून नुसती "थँक्यू, थँक्यू" करत होते आणि मागे मुली नाचत होत्या! वर्षाची ऑर्डर आली. गोडाऊन राहिलं बाजूला, आप्पांनी शेजारची खोली पाडून लॅब दुप्पट केली आणि हवा कोरडी करायचं मशीन स्वतः मुंबईहून घेऊन आले.

यातून शिकायचं काय? थंड बाटली थंड असताना उघडू नये. बास. मोठं तत्त्वज्ञान माझ्याकडे नाही.

आणि मीनल, त्या चौघींतल्या दोघी अजून इथेच नाशिक रोडला राहतात. आप्पांच्या आरतीची नक्कल एकीला हुबेहूब जमते, ती सांगून कळायची नाही. तेव्हा पुढच्या रविवारी ये. त्यांनाही बोलावते.