गिरधरभाऊची दुसरी चाबी

दापोऱ्याचा गिरधरभाऊ म्हणजे एक नंबरचा हट्टी माणूस. हे मी त्याच्या तोंडावर शंभरदा बोललोय, म्हणून इथं बोलायला लाज वाटत नाही. झाडावरच्या केळीच्या घडाला नुसता हात लावून वजन सांगतो आणि किलोभराचा फरक पडत नाही. पण गाडीची चाबी काय चीज असते हे त्याला समजावताना माझं अर्धं डोकं पिकलं.

मी निंबा. बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याला माझं चाब्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक टपरी, एक मशीन आणि समोर लोंबकळणाऱ्या हजार चाब्या. पाच वर्षांपूर्वी कंपनीचा कोर्स करून आलो, तेव्हापासून गाड्यांच्या चाब्याही करतो.

गिरधरभाऊनं साडेचार वर्षांपूर्वी गुढीपाडव्याला पांढरी गाडी घेतली. शोरूमवाल्यांनी एका पाकिटात तीन वस्तू दिल्या. एक बटणांची चाबी, एक बिनबटणांची साधी चाबी, आणि नंबर कोरलेली एक छोटी पत्र्याची पट्टी. सरुवहिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, ती पट्टी देवाच्या टाकासारखी दिसली. तिला वाटलं, कंपनीनं शगुनाची दिली असेल. राजघाटावर गाडीची पूजा झाली, दोन्ही चाब्यांना तिनं लाल नाडा बांधला, आणि नारळाबरोबर पट्टी तापीमायला सोडून दिली! आता चाबी हरवली तर शोरूमवाले तोच नंबर मागतात, आणि नंबर मायच्या पोटात. तेव्हा हसून हसून माझं पोट दुखलं होतं.

बटणांची चाबी गिरधरभाऊनं पोराला दिली. नीलेशला. "मले बटणं नको, दाबता दाबता केळी पिकून जातील," म्हणाला आणि साधी चाबी आपल्या खिशात टाकली.

आणि दोन-अडीच महिन्यांत बापलेकांचं वाजलं. नीलेशला गाडी इंदूरच्या भाड्याला लावायची होती. गिरधरभाऊला ते पटेना. पटेना तर पटेना, घरात बोलावं ना! चारचौघांत, पारावर म्हणाला, "गाडी माझ्या नावावर आहे. हात लावायचा नाही." नीलेश पारावरून उठला. घरी गेला, पिशवी भरली आणि बसनं सुरतेला निघून गेला. चाबी त्याच्या खिशातच राहिली. मुद्दाम नेली की विसरला, ते देव जाणे. आईला महिन्या-दोन महिन्यांनी त्याचा फोन येतो, पण बापाचं नाव निघालं की लगेच रेंज जाते.

तेव्हापासून गिरधरभाऊ साध्या चाबीवर गाडी चालवायचा. बाजारच्या दिवशी माझ्या टपरीवर येऊन बसायचा आणि गोल गोल फिरून एकच विचारायचा.

"निंबा, त्याची चाबी अजून चालत असेल ना रे?"

"चालेल ना भाऊ. सेल उतरला असेल तर बटणं चालणार नाहीत. पण दरवाजा उघडेल, गाडीही चालू होईल."

"म्हणजे तो आला आणि मी वावरात असलो तरी त्याले गाडी घेता येईल."

"येईल."

मग चहा प्यायचा आणि उठून जायचा. मला त्याचा राग यायचा आणि जीवही तुटायचा. अरे बाबा, एवढं वाटतं तर लाव ना फोन! पण नाही. वाकेल तो गिरधर कसला!

यंदा आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, त्याच्या चाबीचं प्लास्टिकचं डोकं फुटलं. माझ्याकडे यायचं ना? तर हा पठ्ठ्या गेला गावच्या वेल्डिंगवाल्याकडे. त्यानं पातं लोखंडी कडीला जोडून दिलं, नांगराला जोडावं तसं. दरवाजा उघडला. गाडी काही चालू होईना. मग आला माझ्याकडे.

"भाऊ, फुटलेलं डोकं कुठंय?"

"फेकलं उकिरड्यावर. प्लास्टिकच तर होतं."

मी कपाळावर हात मारला. "अहो, त्याच्यात तांदळाएवढी चिप असते. पातं फक्त कुलूप फिरवतं. गाडी ओळखते ती चिपला. तुमच्या चाबीचं शरीर राहिलं, जीव गेला उकिरड्यावर."

तो कडी हातात फिरवत राहिला. "मग नवीन कर."

"करतो. पण एक गोष्ट ऐका. तुमच्या गाडीला नवीन चाबी शिकवायची तर जुन्या सगळ्या पुसल्या जातात. जेवढ्या चाब्या त्या वेळी समोर असतील तेवढ्याच गाडी पुन्हा ओळखणार. नीलेशची समोर नसेल तर तिच्यानं दरवाजा उघडेल, पण गाडी चालू होणार नाही."

गिरधरभाऊ उठलाच. "नको."

"अहो, चार वर्षं झाली..."

"नको म्हटलं ना! एकदा मी त्याले गाडीले हात लावू नको म्हटलं. आता तेच गाडीच्या तोंडून सांगू का?"



गाडी शेडमध्ये उभी राहिली. सगळा पावसाळा. साठी उलटलेला माणूस खचाखच भरून येणाऱ्या बसला लोंबकळून बुऱ्हाणपूरला यायचा. लोक हसायचे, "दारात गाडी आणि गिरधर बसमध्ये!" सरुवहिनीचे गुडघे धरलेले, तिला दवाखान्यात न्यायला शेजाऱ्याला हात जोडावे लागले. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. वहिनीकडून नंबर घेतला आणि मी थेट नीलेशला फोन लावला.

"मी निंबाकाका बोलतो. गाडी चार महिने बंद आहे. तुझी चाबी समोर असल्याशिवाय तुझा बाप दुसरी करू देत नाही."

नीलेशनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, बघतो."

मी गिरधरभाऊला सांगून टाकलं. मला वाटलं, येईल पोरगा, आता येईल. भाऊलाही तेच वाटलं. दाढी काय केली, धुतलेलं धोतर काय नेसला! चार दिवस बसच्या टायमाला फाट्यावर जाऊन उभा. पाचव्या दिवशी माझ्या टपरीवर कुरिअर आलं. गुजराती पेपरात गुंडाळलेला छोटा डबा. सुरतेहून.

डबा घेऊन, मशीन घेऊन मी दापोऱ्याला गेलो. गिरधरभाऊ ओट्यावर बसला होता. माझ्या मागं कुणी उतरतंय का, ते त्यानं आधी पाहिलं. मग डब्याकडं पाहिलं.

"चाबी आली?"

"हो."

"तो नाही आला."

"नाही भाऊ."

त्याचं तोंड एवढंसं झालं. "काय केलंस रे निंबा. चाबी त्याच्यापाशी होती तोवर मले वाटे, येईल कधी ना कधी. आता कशाले येईल? शेवटची वस्तूही परत देऊन टाकली त्यानं."

खरं सांगतो, मशीन तिथंच फेकून पळावंसं वाटलं. एवढं मला आधी सुचू नये? पण आलोच होतो, म्हणून पेपर सोडला आणि चाबी बाहेर काढली.

चाबीला नाडे होते. एक नाही, थरावर थर. सगळ्यात खाली मळून काळा पडलेला, तो सरुवहिनीचा. त्यावर विटकरी. त्यावर अजून दोन, फिकट होत गेलेले. आणि सगळ्यात वर एक लालभडक. बटणांच्या फटीत कुंकू वाळून बसलेलं.

सरुवहिनी दारातून पुढं आली. तिनं चाबी हातात घेतली, बोटानं एकेक नाडा मोजला. "एक माझा," ती म्हणाली, "आणि चार त्याचे. चार दसरे झाले ना त्याले जाऊन."

आमच्याकडं दसऱ्याला गाडीची पूजा होते, औजाराची होते. पण सुरतेत भाड्याच्या खोलीत, गाडी नसताना, नुसत्या चाबीची पूजा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वहिनी पदरात तोंड घालून रडायला लागली. गिरधरभाऊ रडला नाही. त्यानं चाबी घेतली आणि कितीतरी वेळ अंगठ्यानं ते कुंकू चाचपत राहिला.

मी गाडीत बसलो, मशीन जोडलं. आधी नीलेशची चाबी शिकवली, मग नवी. दोन्ही चाब्यांवर गाडी चालू झाली. शेडमधल्या कोंबड्या ओरडत पळाल्या. नवी चाबी मी भाऊच्या हातात दिली आणि जुनीत नवा सेल घालून तीही पुढं केली. "घ्या. आता दोन्ही तुमच्याकडे."

त्यानं जुनी माझ्या हातात परत ठेवली.

"ही त्याले धाड. आजच. आणि डब्यात चिठ्ठी टाक."

"काय लिहू?"

त्यानं नवी चाबी खिशात टाकली. मग म्हणाला, "लिही, गाडी चालू आहे. हात लावायचा."

"भाऊ, चिठ्ठीच टाकायची तर चाबी इथंच ठेवू ना. तो आला की देऊ."

"नको, नको," तो घाईनं म्हणाला. "पंधरा दिवसांवर दसरा आला. त्याच्यापाशी पूजेले काही नको का?"