रोज एकच तपासणी

सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या एका वर्कशॉपमध्ये सुरेश मेश्राम गेली कित्येक वर्षं हीट एक्स्चेंजर दुरुस्त करतो. म्हणजे काय, तर पातळ पत्र्यांच्या एका बाजूनं गरम पाणी वाहतं, दुसऱ्या बाजूनं गार, आणि पाणी न मिसळता नुसती ऊब इकडून तिकडं जाते. पत्र्यांत गाळ बसला की ती अडते. माणूस तसा घुमा. त्याची बायको हिरा म्हणते, "यांच्या तोंडून शब्द काढायचा तर पाना लावावा लागतो!"

मुलगी एकता तिथंच वाढली, नोकरीला इंग्लंडात लीड्सला गेली आणि फोन आटले. आधी रोज, मग रविवारी, मग सणावारी. सुरेशला तिची अशी आठवण यायची की हातातला घास हातातच राहायचा. पण आपण फोन करून बोलायचं काय? "जेवलीस का" झालं की दोघंही गप्प.

अन् एका दुपारी, खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये नूडल्स पुढ्यात असताना, तिचाच फोन, बोलण्यात अजून तेच सिंगापुरी 'लाह'. "पपा, बॉयलर स्पॉइल झाला लाह! शॉवर एकदम कोल्ड!"

तिकडं भिंतीवरचा एकच बॉयलर रेडिएटरमधून गरम पाणी फिरवून घरही उबदार ठेवतो आणि नळालाही गरम पाणी देतो. सुरेशनं विचारलं, "खोलीतले रेडिएटर गरम आहेत?" आहेत. "नळाला?" क्षणभर गरम, मग कोमट, मग गार. "नळ सोडल्यावर बॉयलरवरचा तापमानाचा आकडा बघ." आकडा भराभर चढला आणि आतली आग विझली.

झालं! घोडं कुठं अडलंय ते त्याला तिथंच कळलं. आग पेटते, आतलं पाणी तापतं, पण ती ऊब नळाच्या पाण्याला मिळतच नाही. एक्स्चेंजर तुंबलाय. गॅसवाल्याला बोलावून साफ करून घे, एवढंच सांगायचं होतं. पण हा बाबा म्हणाला, "हं. उद्या नळ बारीक सोडून बघ, आणि मला सांग."

आता याला काय म्हणावं! दुसऱ्या दिवशी बारीक नळ झाला. तिसऱ्या दिवशी म्हणे बादली भरून हात घालून बघ. "बादली कुठून आणू पपा?" म्हणत ती खदखदून हसली आणि सुपाचं पातेलं नळाखाली धरलं. पातेलं भरेपर्यंत ऑफिसच्या गोष्टी निघाल्या, घरमालकिणीच्या मांजराच्या निघाल्या. सुरेशच्या नूडल्स गार झाल्या. इतका सुखी तो कित्येक महिन्यांत नव्हता.

शनिवारी फोन घरी आला आणि हिरानं लेकीच्या शिंका ऐकल्या. फोन ठेवताच तिनं विचारलं, "अहो, बिघाड कळलाय ना तुम्हाला?"

सुरेश खाली बघत म्हणाला, "बोलते गं ती हल्ली."

"म्हणून पोरीला गारठवायची? लाज वाटत नाही?" हिरा कडाडली.

त्यानं लगेच उलट फोन लावून निदान सांगितलं. गॅसवाला आला, त्यानं एक्स्चेंजरमधला काळा गाळ काढला, पाणी कढत झालं. आणि फोन बंद! गरज सरो, वैद्य मरो. दुपारचं जेवताना सुरेश मोबाइल ताटाशेजारी उताणा ठेवायचा. तो वाजायचा नाही.

शेवटी एका दुपारी त्यानंच लावला. तिकडं सकाळ होती.

"येस पपा, एनीथिंग?"

"बॉयलर?"

"ओके लाह. व्हेरी हॉट."

"बरं." आता पुढं काय? "एकता, बिघाड मला पहिल्याच दिवशी कळला होता."

"हं? देन व्हाय यू नेव्हर से?"

"सांगितलं असतं तर तू फोन ठेवला असतास."

पलीकडं किल्ल्या खुळखुळल्या. मग एकता हळूच म्हणाली, "पपा, मला ऑफिसला उशीर होतोय."

"हो, जा."

पण फोन तिनं ठेवला नाही, त्यानंही ठेवला नाही.