उभा रॅम्प
शेजारी रॅम्पसाठी सिमेंट कालवत होते, त्या ओल्या वासाने आठवलं. हुडकेश्वरच्या आमच्या घराचा रॅम्प फार उभा आणि गाडी गॅसवर चालणारी, डिकीत त्याची जड टाकी. माणसं बसलेली असली की चढताना मागची बाजू घासायची. म्हणून सगळ्यांनी खालीच उतरायचं, पाहुण्यांनीसुद्धा, ही घरची रीत. वडिलांना दवाखान्यातून घरी आणलं, त्या दुपारीही ते रॅम्पपाशी दार उघडून उतरायला लागले. "बाबा, बसून राहा ना." "गाडी घासते गा. तिरपी घे." मी तिरपी घेतली, गाडी न घासता चढली. मागे पाहिलं, तर ते अर्ध्या रॅम्पवर गुडघे धरून उभे. "आता मले ओढ," म्हणाले. हल्ली गाडीत मी एकटाच असतो, काही घासत नाही; तरी रॅम्पपाशी पाय ब्रेकवर जातोच.