न्योकीचं भांडं

रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हे आईने मला माहेरी, पोशेऱ्यात शिकवलं. घरात काही नसलं तर मूठभर नागलीचं पीठ घाल, पण भरून दे. लग्न होऊन जव्हारला आले तरी ते मी सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं झालं असतं.

शेजारच्या खोलीत एक बाई बदलीवर आली होती, सरकारी दवाखान्यात नर्स. तिशीतली, एकटी, नवरा नागपूरला नोकरीला. पाटावर मावेल एवढा ओव्हन होता तिच्याकडे. एका रविवारी ती काचेचं भांडं घेऊन आली. "काकू, रव्याची न्योकी. इटलीकडे करतात." दुधात शिजवलेल्या रव्याच्या चकत्या, एकीवर एक जराशी चढवून लावलेल्या, वर लोणी आणि चीज, कडा लालसर. मी आधी नाक मुरडलं. मग नवऱ्याला दोनच दिल्या आणि बाकीच्या मीच संपवल्या.

आता भांड्यात काय घालायचं? नागलीचे पापड होते डब्यात. पण हिने असलं काही करून आणावं आणि आपण पापड टेकवायचे? छे. तेच करून नेऊ म्हटलं. तिला विचारायला जाणं काही जमेना. तीस वर्षं शिरा करणाऱ्या बाईने रवा कसा शिजवायचा ते विचारायचं?

पहिल्यांदा केलं तर ताटात थापलेलं धरेचना. वाटीने चकत्या पाडल्या तर नुसता भुगा. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा कुकरची शिट्टी काढून, तळाला मीठ पसरून भाजायला ठेवलं, तर खालून करपलं. दुधाची नासाडी बघून नवरा म्हणाला, "देऊन टाक की रिकामं." त्याच्याशी मी दोन दिवस धड बोलले नाही.

पंधरा-वीस दिवसांनी तिने दारातून विचारलं, "काकू, भांडं मोकळं झालं का?" माझं डोकंच फिरलं. एवढ्याशा भांड्यासाठी दारात यायचं? "मिळेल तुझं," म्हटलं आणि आत वळले. त्यानंतर ती दिसली की मी दार लोटून घ्यायचे. उन्हाळा गेला, पावसाळाही गेला.

दिवाळीच्या तोंडावर तिची पुन्हा बदली झाली. मला कळलं ते दूधवाल्याकडून, आदल्या दिवशी. सकाळी उठून परत घाट घातला आणि टेम्पो भरत असताना तुटक्याफुटक्या चकत्या भांड्यात लावून नेल्या. तिने उभ्या उभ्या एक तोंडात टाकली आणि हसली.

"काकू, रवा आधी भाजलात ना?"

"न भाजता कसा घालणार?"

"यात कच्चाच घालायचा. मग धरतो." ती टेम्पोकडे बघत राहिली. "विचारायला यायचं होतं हो. मी तरी भांडं मागायला कुठे आले होते? त्या निमित्ताने तुम्ही याल, घटकाभर बसाल, असं वाटलं. ड्युटीवरून आलं की बोलायला कोणी नसायचं."

तिने चकत्या डब्यात काढून घेतल्या, भांडं धुतलं आणि माझ्या हातात दिलं. "असू द्या तुमच्याकडे. रिकामंच देतेय, रागावू नका."

आता मी रवा कच्चाच घालते. चकत्या अगदी सुबक पडतात. त्या भांड्यात लावताना दर वेळी मनात येतं, दुसऱ्याच दिवशी हे नुसतं धुऊन नेलं असतं, तर आठ महिने त्या पोरीला एकटीला चहा प्यावा लागला नसता.