अस्सल घामाची बाटली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण माझ्या अकलेचं जे प्रदर्शन मी आता मांडणार आहे, ते ऐकताना चहा नाकातून येईल.

तर, मी घाम बनवायचो. हो, पगार घेऊन! परळला कापड तपासायची एक प्रयोगशाळा होती, तिथे मी मदतनीस. नवा सदरा घालून उन्हात फिरलात की काखेत रंग उतरतो ना? तो उतरेल का, हे आधीच बघून ठेवायचं आमचं काम. पाण्यात मीठ, एखाददुसरा क्षार आणि हिस्टिडीन नावाची महागडी पांढरी पूड घातली की झाला नकली घाम. त्यात कापड भिजवायचं, त्याला पांढरं कापड लावायचं, दोन्ही काचांमध्ये दाबून अंगाइतक्या उबेत चार तास ठेवायचं. पांढऱ्यावर रंग आला की कापड नापास.

तेव्हा गिरण्यांच्या संपाला आठ महिने झाले होते. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर काम करणारे, ते घरी. काळाचौकीच्या आमच्या खोलीत पगार येत होता तो फक्त माझा, आणि तोही कच्चा. आमच्या प्रमुख कर्णिकबाई सहा महिने बघणार आणि मग पक्कं करणार किंवा नारळ देणार. शेवटचा आठवडा उरला होता.

आणि त्याच आठवड्यात कॉलेजची पोरं प्रयोग बघायला आली. पुढच्या बाकावर दोन मुली. मी ऐटीत हात फिरवत समजावायला गेलो आणि हिस्टिडीनची अख्खी बरणी मोरीत! बाई दोन दिवस अहमदाबादला गेलेल्या. टेबलावर एका व्यापाऱ्याचं लालभडक कापड पडलेलं, त्याचा अहवाल बाई यायच्या आत द्यायचा होता.

दुसरा कोणी असता तर सरळ सांगून मोकळा झाला असता. मी विचार केला, नकली घाम कशाला? आपण राहतो कुठे? गिरणगावात. इथे अस्सल मालाला काय तोटा?

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते आठ महिन्यांत पहिल्यांदा ताठ बसले.

"घाम व्हयो? अरे झिला, आठ म्हयन्यांचो शिल्लक आसा आमच्याकडे. किती बाटले भरू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी व्यायामशाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाबा आणि त्यांचे अकरा गिरणीवाले दोस्त जमले. दारं लावली. जोर, बैठका, मग कबड्डी. माझी नोकरी वाचवायला ती माणसं अशी तुटून पडली होती की मला भरून आलं. थेंब थेंब कोण गोळा करणार? म्हणून बनियन काढून पिळले. बारा बनियनांचा मिळून अर्धी बाटली घाम निघाला. रंग जरासा आभाळी वाटला. पण मी म्हटलं, खरा घाम असाच असणार. बाटलीत भरून उजेडात कोणी बघितलाय?

प्रयोग केला. चार तासांनी काचा उघडल्या, तर लाल कापडाला लावलेलं पांढरं कापड झालं होतं फिकट निळं.

तुम्ही असतात तर थांबला असतात. मी मात्र शास्त्रज्ञ! माझ्या डोक्यात लगेच प्रकाश पडला: लाल गडद व्हावा म्हणून रंगाऱ्याने आत चोरून निळा घातलाय. माझ्यावाचून हे कोणाला कळलं असतं? मी झोकात अहवाल लिहिला, 'कापड घामात निळा रंग सोडते. नापास.' खाली लफ्फेदार सही.

दुसऱ्याच दिवशी बाई परतल्या आणि त्यांच्या मागोमाग व्यापारी.

"मॅडम, अपने कारखाने में नीला रंग आताइच नहीं. लाल में से नीला किधर से निकला?"

बाईंनी अहवाल वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"सावंत, घामात काही दोष असेल का हो?"

"शक्यच नाही मॅडम. एकदम अस्सल होता."

"अस्सल म्हणजे?"

झालं. बरणीपासून कबड्डीपर्यंत सगळं बाहेर पडलं. व्यापारी खुर्चीत बसून हसत सुटला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "निळा कुठून आला ते शोधा. नवी बरणी मागवते. उद्या दहा वाजता माझ्यासमोर घाम बनवायचा. मग तुमच्या नोकरीचं बघू."

घरी आलो तर आई गॅलरीत बाबांचे बनियन बादलीत बुडवत होती. बादलीतलं पाणी निळंशार.

"आई, हे काय?"

"नीळ. साबण खंय परवडता आता? म्हणान दोन वेळा नीळ घालतंय. गिरणीवाल्यांच्यो सगळ्यो बायलो तसाच करतत."

मी तिथेच पायरीवर बसलो आणि काय झालं ते सांगितलं. बाबा जवळ आले आणि हळूच विचारलं, "म्हणजे आमचो घाम नापास?"

"नाही बाबा. नीळ नापास. घाम चांगला होता."

त्यांनी मान डोलावली आणि ही बातमी द्यायला शेजारी गेले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी टेबलाशी उभा. समोर कर्णिकबाई, शेजारी तो व्यापारी, त्याला आता मजाच बघायची होती. मीठ घातलं. क्षार घातले. नव्या बरणीतली हिस्टिडीन चिमटीएवढी मोजून टाकली, वाकून काचेच्या कांडीने ढवळायला लागलो, आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावरून एक टपोरा थेंब सुटला तो थेट भांड्यात.

बाईंनी भांड्यात वाकून बघितलं.

"ओतून द्या, सावंत," बाई म्हणाल्या. "भेसळ झाली."

दुसऱ्या भांड्यातही तेच झालं. तिसऱ्या वेळी बाईंनी स्वतः उठून टेबलफॅन माझ्या तोंडावर लावला, माझ्या कपाळाला टॉवेल बांधला; तो घाम बिनभेसळ उतरला, आणि मी नोकरीत पक्का झालो.