एक चप्पल इथं ठेवून जाय

कणीस भाजून झालं, लिंबू-मीठ चोळून झालं, तरी ती ते लगेच हातात देत नसे. गिऱ्हाइकानं हात पुढं केला की कणीस आपल्या खांद्यामागं धरायची आणि म्हणायची, "पयले आयकून घे बापू, मंग जाय."

पवनारला धाम नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर तिची हातगाडी आणि माझं शिलाईचं दुकान शेजारीशेजारी होतं. पावसाळ्यात कणसं, हिवाळ्यात बोरं, उन्हाळ्यात काकड्या. मी तिला वहिनी म्हणायचो, बाकी सगळं जग मावशी. दिवसभर मशीन चालवता चालवता मी तिचं तेच ते बोलणं ऐकायचो. पुढं पुढं ती श्वास घ्यायला थांबली की पुढचं वाक्य माझ्याच तोंडात यायचं.

तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल. आल्यागेल्याला विचारायच्या आधी सांगणारं. दुपारी आश्रमात सामसूम असते, तेव्हा फाटकाशी मोठ्यानं बोलू नका. माकडांसमोर पिशवी उघडू नका. जलद गाडी इथं थांबत नाही, उगाच हात दाखवून खांदा दुखवून घेऊ नका. एकदा भर मे महिन्यात पुण्याकडचं एक जोडपं टोप्या-बिप्या घालून आलं आणि नदी कुठं आहे म्हणून विचारू लागलं. वहिनीनं समोरच्या दगडगोट्यांकडं बोट दाखवलं. "हे काय. मे महिन्यात येऊन तिले पानी मांगता का?" वर दोन काकड्या त्यांच्या हातात ठेवल्या आणि दिवाळीच्या आत पुन्हा येऊ नका म्हणून बजावलं. ती माणसं रागावली नाहीत. तिच्यावर रागावणं तसं कठीणच होतं.

एका बाबतीत मात्र ती कुणाचं ऐकत नसे. नदीत उतरणाऱ्या प्रत्येकाकडून ती पायातली एक चप्पल काढून घ्यायची. "एक चप्पल इथं ठेवून जाय," हे तिचं शेवटचं वाक्य. बूटवाल्यांनाही सूट नव्हती. चप्पल गाडीखाली, आणि मगच माणूस खाली.

घाटाच्या पायऱ्यांवरून उतरलं तर काही भीती नाही. पण थोडं पलीकडं एक काळा दगड आहे, फोटोला छान दिसतो, आणि त्याच्या खाली डोह आहे. उन्हाळ्यात तो दगड तव्यासारखा तापतो, पावसाळ्यात शेवाळानं निसरडा होतो. एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी, अशा अवस्थेत त्या दगडापर्यंत जाण्याची हौस बहुतेकांची अर्ध्या वाटेतच फिटते. शिवाय अंधार पडताना गाडीखाली चप्पल उरली असेल, तर कुणीतरी अजून खाली आहे. मग वहिनी बॅटरी घेऊन उतरायची आणि त्या माणसाला हाताला धरून वर आणायची. बहुतेक वेळा तो गप्पा मारत बसलेला असायचा आणि वर शिव्या खायचा.

तिचा नवरा मासे धरायचा. डोहात कुणी बुडालं की प्रेत काढायला पोलीस त्यालाच बोलवायचे. त्या दिवशी तो घरी येऊन जेवत नसे, भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. हे तिनं मला एकदाच सांगितलं. "हे काढत होते. मी म्हनलं, काढा काऊन लागते? आंधी सांगाले पाह्यजे ना कोनी." नवरा गेला आणि त्यानंतर तिनं गाडी लावली. तेव्हापासून त्या डोहानं कुणाला घेतलं नाही. गावात कुणाच्या हे लक्षातही आलं नाही. जे घडतच नाही, त्याची कोण दखल घेणार?

मग नागपूरकडून एक पोरगा आला. फिरण्याचे व्हिडिओ करायचा. अदबीनं बोलणारा होता, हे मला कबूल केलं पाहिजे. वहिनीनं त्याला कणीस फुकट दिलं आणि जे जे सांगायचं ते सगळं सांगितलं. पदर सारखा करून, मोबाइलकडं बघून, अगदी मन लावून सांगितलं. इतकी माणसं एकाच वेळी ऐकणार, याचा तिला केवढा आनंद झाला होता. आता मले रोज घसा फोडा लागनार नाई, म्हणत होती.

'पवनारला जाण्याआधी हे माहीत असलंच पाहिजे' असं त्या व्हिडिओचं नाव होतं. माझ्याच मोबाइलवर तिनं तो पाहिला. डोहाचं काही त्यात नव्हतंच, ते कापलं होतं. होतं काय, तर कणीस मागं धरणं, चप्पल मागणं, आणि तिच्या प्रत्येक वाक्यानंतर खदाखदा हसण्याचा आवाज.

तिनं व्हिडिओ पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग म्हणाली, "हे हासून कोन राह्यलं? तवा त कोनी हासत नोतं."

मी मोबाइल बंद करून खिशात घातला.

त्यानंतरच्या रविवारपासून गाड्या भरभरून माणसं येऊ लागली. 'चप्पलवाली मावशी' पाहायला. ती बोलायला लागली की मोबाइल वर जायचे आणि तिचं वाक्य तिच्याआधी तेच पूर्ण करायचे. कुणी मुद्दाम दगडाची वाट विचारायचा, ती चिडावी म्हणून. डोह आहे, माणसं मेली आहेत, असं तिनं सांगितलं की लोक एकमेकांना टाळ्या द्यायचे. एवढ्यानं भागलं नाही. घरून जुन्या फाटक्या चपला आणायच्या, तिच्या गाडीखाली एकेक ठेवायची, फोटो काढायचा आणि नदीकडं न जाताच निघून जायचं, अशी टूम निघाली. मौज म्हणून हो. या लोकांची मौज मी जवळून पाहिली आहे.

संध्याकाळी गाडीखाली चपलांचा ढीग उरायचा. वहिनी बॅटरी घेऊन घाट उतरायची, हाका मारायची, गुडघा धरून वर यायची. खाली कुणीच नसायचं. त्या चपलांचे मालक तोवर नागपूरला पोचून जेवायला बसलेले असायचे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी म्हटलं, वहिनी, हा ढीग फेकून द्या. ती म्हणाली, "यातली एखांदी खरी असंल त?"

एका रविवारी मात्र ती खाली गेली नाही. गुडघा सुजला होता आणि दिवसभर माणसं तिच्या तोंडावर हसली होती. तिनं ढिगाकडं पाहिलं, गाडीवर ताडपत्री टाकली आणि घरी गेली.

त्या ढिगात एक चप्पल खरी होती.

आष्टीकडचा एक तरुण एकटाच आला होता. त्यानं तो व्हिडिओ पाहिलेलाही नव्हता. चप्पल ठेव म्हटल्यावर ठेवली, पायऱ्यांनी उतर म्हटल्यावर पायऱ्यांनी उतरला, काळ्या दगडाकडं फिरकलाही नाही. शेवटच्या पायरीवरून घसरला आणि दगडांच्या फटीत डोक्यावर पडला. सकाळी सापडला. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळीच आणला असता तर वाचला असता.

दुपारी त्याचा बाप आला. पोराच्या एका पायात चप्पल होती, दुसरी न्यायला आला होता. वहिनीसमोर उभा राहून म्हणाला, "एक पाय उघडा घेऊन घरी कसा नेऊ त्याले?" मग खाली बसला आणि त्या थट्टेच्या ढिगातली एकेक चप्पल उलटून पाहू लागला. वहिनीही त्याच्या शेजारी बसली. चप्पल तिलाच सापडली. तिनं ती पदरानं पुसली.

"तुमी सांगितलं नोतं का त्याले?" त्यानं विचारलं.

"सांगितलं होतं. त्यानं समदं आयकलं, भाऊ. मीच नाई गेली पाहाले."

तो चप्पल घेऊन उठला.

आठवड्याच्या आत नागपूरचा तो पोरगा पुन्हा आला आणि ढिगाचं चित्रण करून गेला. या खेपेला मागं दुःखी बासरी होती आणि 'मावशीचं म्हणणं अखेर खरं ठरलं' असं वर लिहिलेलं होतं. हसण्याचा आवाज नव्हता. तेवढी अक्कल त्याला आली होती. हा व्हिडिओ पहिल्यापेक्षा जास्त चालला म्हणतात.

वहिनीनं गाडी विकली आणि गिरडला बहिणीकडं निघून गेली. कुणी तिला बोल लावला नव्हता. लावला असता तर कदाचित राहिली असती. जाताना ती माझ्या दुकानाच्या पायरीशी थांबली. "भाऊ, संध्याकाळी खाली एक चक्कर मारजा," एवढंच म्हणाली.

लोक अजून येतात. मावशी कुठं गेल्या म्हणून मला विचारतात, आणि कुणाच्या तरी हातात एक चप्पल असते. मी मान वर न करता मशीन चालवत राहतो. गेल्या रविवारी कुणीतरी तिच्या रिकाम्या जागेवर एक लाल चप्पल ठेवून गेलं. थट्टा आहे हे मला कळत होतं. तरी अंधार पडायच्या आत मशीन झाकलं, बॅटरी घेतली आणि घाट उतरलो. खाली कुणी दिसेना. हाक मारावी म्हटलं, तर नाव ठाऊक नाही.

"बापू," मी हाक दिली. आणि थांबून ऐकत राहिलो.